कॅसेट कोणी आणली? एका गिरणी कामगाराचा गाण्यांचा संग्रह आणि त्याची जीवनकथा

हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावातलं आहे. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं, वाडी आणि ओळख पटेल असा तपशील त्यांच्याच सांगण्यावरून गाळला आहे. ज्यांची ही कथा, ते गावात सगळ्यांचेच आबा, म्हणून इथेही आबा. वय ऐंशीच्या पुढे. ऐन तारुण्याची वीस वर्षं लालबाग-परळच्या गिरण्यांत गेली, नंतर गावी आले आणि भजनी मंडळात पखवाज धरला. बोटं साथ देईनाशी झाली तेव्हा पखवाज पुतण्याकडे गेला.

आबांची नात पुण्यात नोकरी करते. आजोबांची जीवनकथा नोंदवून ठेवावी असं तिच्या मनात होतं. मी सिंधुदुर्गात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आठवणी नोंदवण्याचं काम करते, म्हणून तिने मला बोलावलं. अडचण तिने पहिल्याच फोनवर सांगितली. आबांना विचारलं की ते एक ठरलेली गोष्ट सांगतात, आणि ती चार वाक्यांत संपते: मुंबईक गेलंय, गिरणीत लागलंय, संप झालो, गावाक येवन मंडळ काढलां. सत्कारात, लग्नात, शाळेच्या कार्यक्रमात हीच गोष्ट सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती की तिला पकडायला कुठे कंगोराच उरला नव्हता.

घरात एक लाकडी पेटारा होता. त्यात लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या, शंभराच्या वर कॅसेट, थोड्या सीडी आणि पेनाने ‘भजन’ लिहिलेली एमपीथ्रीची एक चकती. शिवाय आबांच्या मोबाइलमधलं मेमरी कार्ड. या पेटाऱ्यातून माणूस उलगडेल, ही कल्पना नातीची, आणि ती बरोबरच होती. वाट मात्र बदलावी लागली.

गायकांची यादी का थांबली

नातीने मी जाण्याआधीच यादी सुरू केली होती. गाणं, गायक, संगीतकार, वर्ष असे व्यवस्थित रकाने. एकेक गाणं लावून ती आबांना विचारायची, “हे ऐकून काय आठवतं?” आबा मान डोलवायचे, “बरां आसा गाणां,” म्हणायचे आणि थांबायचे. फार झालं तर गायकाचं कौतुक.

हे असं होणारच होतं. त्या पिढीने गाणी एकत्र ऐकली आहेत. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, १९५२ पासून, आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. दर बुधवारी रात्री अमीन सयानींचा आवाज मालवणात, मालेगावात आणि मद्रासेत एकाच वेळी पोचायचा. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि तीच गाणी घराघरांत आली. अशा गाण्याबद्दल विचारलं तर मिळणारं उत्तरही सगळ्यांचंच असतं. आबांनी ते एका वाक्यात सांगितलं: “ह्यां गाणां सगळ्यांचां, माझां काय त्यात?”

मला वाटतं, या प्रकरणातली कळीची जागा हीच. गाणं सगळ्यांचं. पण ती वस्तू, ती तबकडी किंवा ती कॅसेट, त्यांची एकट्यांची होती. ती कोणीतरी आणली होती, कुठून तरी आणली होती, कुणाच्या तरी हातून पडली होती, कुणीतरी तिच्यावर दुसरं काही भरलं होतं. म्हणून गाणी लावणं बंद केलं. वस्तू हातात द्यायची आणि तीन प्रश्न विचारायचे: ही कोणी आणली? कशावर वाजवली? आणि हिला हे काय झालंय? यादीचे रकानेही तसेच बदलले.

वाजवायला यंत्र नसताना घेतलेल्या तबकड्या

पहिल्याच बैठकीत फरक दिसला. ७८ ची एक तबकडी हातात दिली तेव्हा आबा तिच्या लेबलाकडे न बघता कडेवरून बोट फिरवत राहिले. कडेचा कपचा उडाला होता. तो मालवण बंदरात उडालेला. त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट मालवणला खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, बोचकी होडीने किनाऱ्याला यायची. बोटीवरून होडीत उतरताना बोचकं आपटलं. आत लुंगीत गुंडाळलेल्या चार तबकड्या. तीन शाबूत, चौथीचा कपचा.

तबकड्या मुंबईहून का आणायच्या, असं विचारल्यावर सगळं तारुण्यच बाहेर आलं. आबा १९६१ मध्ये मुंबईला गेले आणि गाववाल्यांच्या खोलीत राहिले. पाळीपाळीने झोपणारी माणसं, भिंतीवर ओळीने ट्रंका, जेवण खानावळीत. तिथे फोनो (ग्रामोफोन) ठेवायला जागाही नव्हती आणि पैसेही नव्हते. चावीचा फोनो होता तो गावच्या घरी, चुलत्यांनी आणलेला. म्हणून आबा पगारातून तबकडी घ्यायचे, ती महिनोन् महिने ट्रंकेत राहायची आणि मे महिन्यात रजा मिळाली की गावी जाऊन पहिल्यांदा वाजायची. गणपतीला यायचे ते एसटीने. बोटी पावसाळ्यात बंद असायच्या, आणि घाटातल्या हिसक्यांत लाखेची तबकडी टिकणार नाही म्हणून तेव्हा रिकाम्या हाताने. गाणं आधी ऐकायचं ते इराण्याच्या हॉटेलातल्या ज्यूक बॉक्सवर, नाणं टाकून. तेच आवडलं तर तबकडी.

इथे यंत्राची एक गोष्ट कळल्याशिवाय माणूस कळत नाही. तोवर बाजारात ४५ च्या लहान तबकड्या आल्या होत्या, ३३ च्या एलपी आल्या होत्या. आबांच्या पेटाऱ्यात त्यांतली एकही नाही. नातीला वाटलं होतं की आजोबांना नव्याची आवड नव्हती. खरं कारण फोनोत होतं. चावीच्या फोनोचा जड साउंडबॉक्स आणि पोलादी सुई ही ७८ च्या रुंद खाचेसाठी केलेली. त्या नव्या, व्हिनाइलच्या तबकड्यांची बारीक खाच ती ओरबाडून टाकते, आणि वेगही जुळत नाही. इंग्लंड-अमेरिकेत ७८ च्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद झाल्या, पण भारतात ते दशक संपेपर्यंत त्या निघत राहिल्या, कारण आबांच्या चुलत्यांसारखे फोनो खेडोपाडी अजून फिरत होते. आबा जुनं जपत नव्हते. घरच्या फोनोवर जे वाजेल तेच घेत होते. ज्या दोन बाजू घरात ऐकायच्या त्यांसाठी सुयांची डबीही त्यांनीच आणायची, कारण पोलादी सुई एका बाजूला एकच चालते.

या काळाबद्दल ते भरभरून बोलले, आणि ते अपेक्षितच होतं. माणसाच्या आठवणींचा सगळ्यात दाट पट्टा साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षाच्या मधला असतो, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. मुलाखत घेणाऱ्याला त्याचा मोह पडतो. तबकड्यांवरच दोन पुस्तकं झाली असती. पण तेवढ्यावर थांबलं तर चाळिशीनंतरचा माणूस हरवतो. म्हणून तबकड्या बाजूला ठेवून कॅसेटींकडे वळलो.

तारखा लावताना सापडलेली पोकळी

कॅसेटवर वर्ष क्वचितच असतं, आणि असलं तरी ते गाण्याचं, घरी आल्याचं नव्हे. तारखा आजूबाजूच्या खुणांवरून लावल्या. काही डब्यांत कागदाच्या आत एसटीचं तिकीट घडी घालून ठेवलेलं होतं. दुकानाच्या शिक्क्यात ‘जि. रत्नागिरी’ असेल तर ती बहुधा १ मे १९८१ च्या आधीची, कारण त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. (दुकानदार जुना शिक्का वर्षभर वापरतोच, म्हणून ‘बहुधा’.) काहींवर अरबी आकड्यांची किमतीची चिठ्ठी होती. त्या आबांच्या मेव्हण्याने आणलेल्या. “कुवेतसून हाडल्यान,” टू-इन-वनसकट, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रासकट. १९८० सालचा हा टू-इन-वन वाडीतला पहिला, आणि तो गावी, आजींच्या ताब्यात. चालवायच्या त्या, आवाज कमी-जास्त करायच्या त्या, टेप अडकली तर पेन्सिल घालून फिरवायच्याही त्याच.

मेव्हण्याच्या कोऱ्या कॅसेटींपैकी एक आबा मुंबईला घेऊन गेले होते. खोलीतलं भजन एका सोबत्याच्या टेपवर भरलेलं. गजर रंगात आलेला असताना मागून गिरणीचा भोंगा ऐकू येतो आणि दोन आवाज गळतात. रातपाळीवाले उठून गेले. मी ती जागा तीनदा ऐकली. गिरणगावाबद्दल मी वाचलेल्या कितीतरी पानांपेक्षा त्या दोन गळलेल्या आवाजांनी मला जास्त सांगितलं.

सगळ्या वस्तू आल्याच्या क्रमाने जमिनीवर मांडल्या तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. १९८१ च्या अखेरीपर्यंत कॅसेट येत होत्या. मग काही नाही. त्यानंतरची पहिली नोंद म्हणजे गावच्या मंडळाचं पहिलं ध्वनिमुद्रण, ज्यात निवेदकच वर्ष सांगतो: सत्त्याऐंशी. त्यापुढे पुन्हा धो धो. तोवर कॅसेट स्वस्त झाल्या होत्या. आरत्या, भजनं, डबलबारीचे (दोन भजनी बुवांच्या जुगलबंदीचे) सामने चौकात विकत मिळू लागले होते.

गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही, विरत गेला. आबांच्या ठरलेल्या गोष्टीत ‘संप झालो’ आणि ‘गावाक येवन मंडळ काढलां’ यांच्यात एक स्वल्पविराम आहे. पेटाऱ्यात त्या जागी पाच वर्षं होती.

मी विचारलं नाही. मांडलेल्या रांगेतली रिकामी जागा त्यांच्या समोरच होती. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्या दिवशीचं काम आम्ही तिथेच थांबवलं.

दोष समजून पुसला जाणारा आवाज

पोकळीचं उत्तर एका आरतीच्या डबीत होतं. आत आरती नव्हती. नाट्यगीतांची एक विकतची कॅसेट होती, लेबल नखाने खरवडलेलं. विकतच्या कॅसेटच्या पाठीला दोन खाचा असतात. त्या उघड्या असल्या की त्यावर भरता येत नाही. इथे खाचांत कागदाचे बोळे घालून वर चिकटपट्टी लावली होती. म्हणजे मुद्दाम वरून भरलेली.

नातीने ती लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. मागे सतत एक जोरकस खडखडाट आहे, त्यात एक पुरुष बोलतोय, शब्द नीट लागत नाहीत, टेप खराब झालेली दिसते, असं तिचं म्हणणं. सॉफ्टवेअरमधून आवाज स्वच्छ करण्याचं काम तिने अर्ध्यावर आणलं होतं. तिने ते आबांना ऐकवलं. आबा म्हणाले, “तो आवाज काढू नको गो. मागाचो आवाज तो.”

भिवंडीचे यंत्रमाग. संप लांबला तेव्हा खोलीतली माणसं एकेक करून पांगली. आबा भिवंडीला गेले, बारा-बारा तासांच्या पाळ्या, मागांच्या शेजारीच झोपायचं. गावात कुणालाही सांगितलं नाही. कारण साधं आणि जड होतं. गिरण्या बंद असताना कापड यंत्रमागांवर विणून घेतलं जात होतं, आणि संपाची धार त्यानेही बोथट झाली. आबा मोर्च्यांत पुढे असायचे. गावच्या पोरांना त्यांनीच बजावलं होतं की काही झालं तरी टिकून राहा. त्या पोरांना आपण मागावर उभे आहोत हे कळू द्यायचं नव्हतं. आजींना वाचता येत नव्हतं. पत्र पाठवलं तर ते शेजारचं कोणीतरी वाचणार आणि पाकिटावर भिवंडीचा शिक्का असणार. म्हणून बोलून पाठवलं. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा स्वतःजवळ होती त्यातली सगळ्यात आवडती काढली, तिच्यावर आवाज भरला, आरतीच्या डबीत घातली आणि गावी जाणाऱ्या माणसाच्या हाती देवाचं म्हणून दिली.

ब बाजूच्या शेवटी आबांचं बोलणं संपतं आणि खालचं मूळ नाट्यगीत मधूनच वर येतं. ते त्यांनी पुसलं नव्हतं. तेवढं सांगायचं उरलं नव्हतं.

या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला मला इथे कळकळीने सांगायचं आहे: मूळ प्रतीवरचा खरखराट, खडखडाट, कुत्र्याचं भुंकणं, काहीही साफ करू नका. साफ करायचंच असेल तर वेगळी प्रत करून तिच्यावर करा. त्या कॅसेटमधले शब्द काहीही असोत, ती कुठून आली हे सांगणारी खूण तो आवाज होता. तो गेला असता तर पाच वर्षांची जागा कायमची रिकामी राहिली असती, आणि काही पुसलं गेलं हे कोणाला कळलंही नसतं.

उतरवून घेताना

कोकणातल्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. आबांच्या कॅसेट त्यामानाने बऱ्या निघाल्या, कारण आजींनी पेटारा चुलीवरच्या माळ्यावर ठेवला होता. धुराचा वास अजून येतो, पण ओल शिरली नाही. बुरशी दिसलेल्या मोजक्या कॅसेट वेगळ्या काढल्या. त्या दुसऱ्यांबरोबर एकाच टेपरेकॉर्डरवर वाजवायच्या नाहीत. टेप वाचणाऱ्या हेडवरून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. स्क्रूने जोडलेली खोकी उघडता येतात, वितळवून चिकटवलेली फोडावी लागतात आणि टेप दुसऱ्या खोक्यात भरावी लागते. बऱ्याच कॅसेटींत टेपला हेडवर दाबून धरणारा फोमचा तुकडा गळला होता, तो बदलला. वाजवण्याआधी प्रत्येक टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवली, म्हणजे ताण सारखा होतो. आवाज बोदा वाटला तर हेडचा कोन जुळवला. घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटींत हा कोन हटकून वेगळा असतो.

प्रती २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फायलींत घेतल्या. जागतिक ध्वनिसंग्रहालयं हीच किमान पातळी मानतात. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी लागतो. पेटाराभर आवाज एका साध्या हार्ड डिस्कमध्ये मावतो. एक प्रत घरी, एक पुण्यात, एक मुलाकडे मुंबईत. मूळ कॅसेट फेकायच्या नाहीत, हे निक्षून सांगितलं.

हक्कांचं थोडक्यात. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे ६० वर्षं असतो. स्वतःच्या वापरासाठी घरात प्रत ठेवणं कायद्याला मान्य आहे, ती लोकांत वाटणं नाही. मंडळाच्या भजनांत मात्र बुवा, पेटीवाला, झांजवाले, कोरस, सगळ्यांचाच हक्क येतो. जे हयात आहेत त्यांच्याकडे आबा स्वतः जाऊन विचारून आले.

काय ठेवायचं, काय नाही

बीबीसीचा एक कार्यक्रम १९४२ पासून चालू आहे: पाहुण्याने निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ तबकड्या निवडायच्या आणि त्यांभोवती आयुष्य सांगायचं. विविध भारतीच्या विशेष जयमालेतही पाहुणा आपल्या आवडीची गाणी घेऊन फौजी भावांशी बोलायचा. हा साचा नामवंतांना शोभतो, कारण त्यांच्यापुढे सगळं भांडार खुलं असतं. आबांच्या पेटाऱ्यात आवड थोडी आणि परिस्थिती जास्त आहे. अर्ध्या वस्तू दुसऱ्यांनी दिलेल्या, काही चुकून आलेल्या, काही कधीच न वाजलेल्या. म्हणून आवडती निवडा असं मी म्हटलं नाही. ज्या वस्तूशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही तेवढ्याच निवडा, असं म्हटलं. त्यांनी बारा काढल्या. त्यांतली पहिली तो कपचा उडालेली तबकडी, आणि तिच्यावरचं गाणं त्यांना फारसं आवडतही नाही.

मेमरी कार्ड त्यांनी घेतलं नाही. हजारभर गाणी आहेत, रोज ऐकतात, पण त्यातलं एकही कोणी ‘हाडलेलां’ नाही. नातीला हे लागलं. कार्ड तिनेच भरून दिलं होतं. मग आबांनी तिच्या सांगण्यावरून कार्ड तेराव्या क्रमांकाला घेतलं, आणि रकान्यात आणणाऱ्याच्या जागी तिचं नाव घातलं.

भिवंडीची कॅसेट बारांत आहे, पण ऐकवायची नाही. मी तिची पहिली काही मिनिटंच ऐकली. आबांनी हात वर केला आणि आम्ही बंद केली. ते बोलणं आजींशी होतं आणि आजी आता नाहीत. पाच वर्षांचा भाग आबांनी आता स्वतःच्या तोंडाने सांगितला आहे, आजच्या आवाजात, मुलाला समोर बसवून. मुलगा त्या काळात हायस्कुलात होता. फी कशी भरली जायची ते त्याला त्या दिवशी कळलं. कॅसेटच्या नोंदीत आबांनी लिहून घेतलं: ‘माझ्या मागे नातीने ठरवावं.’ हे प्रकरण लिहायला त्यांनी हो म्हटलं ते एका अटीवर, संपात टिकून राहिलेल्यांना यातून कमीपणा येता कामा नये. तो येत नाही, असं मी त्यांना वाचून दाखवून मान्य करून घेतलं आहे.

७८ च्या तबकड्या अजून उतरवायच्या आहेत. जुन्या फोनोवर लावल्या तर उरलंसुरलंही घासलं जाईल. त्यांना रुंद टोकाची सुई असलेला, हलक्या हाताचा टर्नटेबल हवा आणि तो जवळपास कुणाकडे नाही. मुलगा मुंबईत शोधतो आहे. तोवर त्या उभ्या ठेवल्या आहेत, कागदी पाकिटं बदलून. दरम्यान भजनी मंडळाने आपल्या कपाटातल्या कॅसेटींची यादी करायला घेतली आहे आणि तिच्यात पहिला रकाना ‘कोणी आणली’ असाच ठेवला आहे. आबा दर एकादशीला जाऊन त्यात नावं भरून देतात.